एक ओळ म्हणजे नेमके काय? : सॅपमधील क्वेरी आणि माझी चुकलेली बेरीज

चाकण परिसरातील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात मी काम करत असताना, एका मासिक बैठकीत प्रलंबित ऑर्डरींचा तक्ता मांडण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. तक्ता थेट सॅपमधून, म्हणजे कंपनीची खरेदी, साठा आणि हिशेब एकत्र ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढलेला होता, त्यात हाताने भरलेला एकही आकडा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या खरेपणाविषयी मला यत्किंचितही शंका नव्हती. स्टोअरच्या प्रमुखांनी त्यातील एका ओळीवर बोट ठेवले. त्या ब्रॅकेटची ऑर्डर एक हजार नगांची होती आणि तो सगळा माल चार खेपांमध्ये येऊन रॅकवर लागलेलाही होता. माझा तक्ता मात्र ऑर्डर चार हजारांची आणि येणे बाकी तीन हजार असे सांगत होता. “मॅडम, हे तीन हजार नग आले तर ठेवू कुठे, तेवढे सांगा,” असे ते शांतपणे म्हणाले. बैठक हसली, मीही हसले, आणि जागेवर परत येऊन तो तक्ता कसा तयार झाला हे पहिल्यांदाच नीट पाहिले.

तो तक्ता मी क्विकव्ह्यूअरमध्ये, म्हणजे एसक्यूव्हीआय या टीकोडवर (सॅपमधील पडदा उघडण्याचा संकेत), दुपारच्या चहाआधी तयार केला होता. ऑर्डरच्या बाबींचे टेबल आणि ऑर्डरच्या इतिहासाचे टेबल अशी दोन टेबले पडद्यावर ओढून घेतली, सॅपने स्वतःच सुचवलेल्या जोडरेषा मान्य केल्या, हवी ती फील्ड टिकमार्क केली आणि निकाल एक्सेलमध्ये उतरवून पिव्हट, म्हणजे गटवार बेरजेचा तक्ता, लावला. प्रोग्रॅम लिहावा लागला नाही, आयटी विभागाकडे विनंतीअर्ज करून वाट पाहावी लागली नाही. चूक नेमकी या सोयीच्या पोटात होती. इतिहासाच्या टेबलात प्रत्येक जीआरएनची, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदीची, स्वतंत्र ओळ असते. चार खेपांच्या चार ओळी, आणि त्या प्रत्येक ओळीशेजारी ऑर्डरचे एक हजार नग पुन्हा छापले गेले. पिव्हटने आपले काम चोख केले, म्हणजे चार वेळा आलेला हजार चार वेळा मोजला.

त्यानंतरच्या काळात मी खरेदी विभाग सोडून सॅपच्याच कामात आले आणि क्वेरी, म्हणजे सॅपच्या टेबलांतून हवी ती माहिती निवडून तक्ता काढणे, हा माझ्या रोजच्या वापरातील विषय झाला. या साधनांविषयी बोलताना बहुतेक लोक ‘कुठले बटण दाबायचे’ एवढेच विचारतात. बटणे सोपी आहेत आणि ती कोणीही दाखवू शकते. मला स्वतःला महत्त्वाचा वाटतो तो एकच प्रश्न, जो मी आता कोणतीही क्वेरी उघडताना कागदावर लिहून ठेवते: या निकालातील एक ओळ म्हणजे नेमके काय? एक ऑर्डर, ऑर्डरमधील एक बाब, त्या बाबीची एक पुरवठा-तारीख, की त्या तारखेवर आलेली एक खेप? याचे उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर त्या निकालाची बेरीज करण्याचा अधिकार आपल्याला नाही.

साधनांची ओळख थोडक्यात करून देते. एकाच टेबलात डोकावायचे असेल तर एसई१६एन पुरते. दोन-तीन टेबले जोडून स्वतःपुरता तक्ता हवा असेल तर क्विकव्ह्यूअर आहे. त्यात तयार केलेला क्विकव्ह्यू फक्त करणाऱ्यालाच दिसतो, शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याला तो देता येत नाही. अनेकांनी वापरायचा तक्ता हवा असेल तर खऱ्या अर्थाने सॅप क्वेरीकडे जावे लागते, आणि तिथे काम तीन जागी वाटलेले असते. एसक्यू०२ मध्ये इन्फोसेट बनतो, म्हणजे कोणती टेबले कशी जोडायची आणि वापरकर्त्यासमोर कोणती फील्ड ठेवायची हे ठरते. एसक्यू०३ मध्ये वापरकर्त्यांचे गट ठरवून त्यांना इन्फोसेट नेमून दिले जातात. आणि एसक्यू०१ मध्ये प्रत्यक्ष क्वेरी तयार होते व चालवली जाते. पडद्यामागे सॅप त्यातून एबॅप या आपल्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक प्रोग्रॅमच लिहीत असते, ज्याचे नाव ‘एक्यू’ या अक्षरांनी सुरू होते. ही विभागणी मला सुरुवातीला सरकारी कचेरीसारखी वाटायची. एका सहीसाठी तीन खिडक्या. तिच्यातील शहाणपण उशिरा कळले: टेबले जोडणारा माणूस आणि तक्ता काढणारा माणूस वेगळे असले, की जोडण्याची चूक एकाच जागी दुरुस्त होते.

टेबलांच्या नावांविषयी एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. सॅप ही १९७२ मध्ये जर्मनीत सुरू झालेली कंपनी असल्यामुळे जुन्या टेबलांची आणि फील्डची नावे जर्मन शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेली आहेत. खरेदीच्या बाबींचे टेबल ‘ईकेपीओ’ आहे, आणि आमच्या विभागातील प्रत्येकाचा ठाम समज होता की त्यातील ‘पीओ’ म्हणजे पर्चेस ऑर्डर. प्रत्यक्षात तो ‘पोझित्सिओन’, म्हणजे ऑर्डरमधील एक बाब; आणि ‘ईकेकेओ’मधील ‘केओ’ म्हणजे ‘कोप्फ’, डोके, अर्थात ऑर्डरचा मथळा. हे कळले असते तर ईकेपीओमधील एक ओळ म्हणजे एक ऑर्डर नव्हे, हे मला नावावरूनच समजले असते.

आता माझ्या त्या तक्त्याची दुरुस्ती. इतिहासाचे टेबल, म्हणजे ईकेबीई, प्रलंबित माल मोजण्यासाठी मुळातच अडचणीचे आहे, कारण त्यात माल आल्याच्या ओळींबरोबरच बिलाच्या ओळीही असतात, शिवाय १०१ या हालचालीच्या संकेताने घेतलेला माल १०२ ने रद्द केला तर तीही वेगळी ओळ असते, आणि दोन्हींतील संख्या धनच असते. उलटी नोंद आहे हे फक्त शेजारच्या एका अक्षरावरून कळते. ते अक्षर ‘एस’ किंवा ‘एच’ असते. पुन्हा जर्मन: ‘एस’चा ‘झोल’ म्हणजे नावे (डेबिट) आणि ‘एच’चा ‘हाबेन’ म्हणजे जमा (क्रेडिट). हे अक्षर न पाहता बेरीज केली, तर आलेला माल आणि रद्द केलेला माल मिळून दुप्पट आलेला माल तयार होतो.

ज्या टेबलाकडे मी जायला हवे होते ते होते ईकेईटी, पुरवठ्याच्या वेळापत्रकाचे. त्यात प्रत्येक बाबीच्या प्रत्येक पुरवठा-तारखेची एक ओळ असते आणि त्याच ओळीत त्या तारखेसाठी मागवलेली संख्या आणि त्यापोटी आलेली संख्या अशी दोन्ही फील्ड शेजारी शेजारी मिळतात. रद्द झालेल्या नोंदींचा हिशेब सॅपने आधीच करून ठेवलेला असतो. मग एका ओळीचा अर्थ स्वच्छ होतो: एका बाबीची एक पुरवठा-तारीख. दोन संख्यांची वजाबाकी म्हणजे येणे बाकी. इथेही एक खड्डा आहेच, तो असा की मागवलेल्या संख्येचे फील्ड ईकेपीओ आणि ईकेईटी या दोन्ही टेबलांत ‘मेंगे’ याच नावाचे आहे, आणि चुकून ईकेपीओमधील निवडले तर बाबीची पूर्ण संख्या प्रत्येक तारखेपुढे छापली जाऊन माझी जुनी चूक नव्या वेषात परत येते. ज्या बाबी पूर्ण झाल्याची खूण स्टोअरने केलेली आहे आणि ज्या बाबी ऑर्डरमधून काढून टाकल्या आहेत, त्या निवडीच्या अटींत वगळाव्या लागतात. नाहीतर दोन वर्षांपूर्वीच्या ऑर्डरींमधील उरलेले पाच-दहा नग जन्मभर प्रलंबित राहतात.

संख्येवरून रक्कम काढताना आणखी एक फील्ड विसरले जाते, ते दराच्या एककाचे. बोल्ट, नट आणि वॉशर यांचा दर आमच्याकडे शेकडा किंवा हजार नगांना लावलेला असे. नुसता दर गुणिले संख्या केले की वॉशरच्या एका पिशवीची किंमत प्रेस मशीनच्या जवळपास जाते. ही चूक निदान डोळ्यांना लगेच दिसते, म्हणून मला तिची फारशी भीती वाटत नाही. भीती वाटते ती खरी वाटणाऱ्या चुकीची.

अशा चुकांत जॉइनच्या, म्हणजे टेबले जोडण्याच्या, प्रकाराचा क्रमांक वरचा आहे. क्विकव्ह्यूअर आणि इन्फोसेट आपण काही न सांगता इनर जॉइन लावतात, म्हणजे दोन्ही टेबलांत जोडी सापडली तरच ओळ दिसते. ऑर्डर आणि इतिहास असे जोडले, तर ज्या ऑर्डरीवर अजून एकही नग आलेला नाही ती ऑर्डर निकालातून पूर्णपणे नाहीशी होते. प्रलंबित ऑर्डरींच्या तक्त्यातून सर्वांत प्रलंबित ऑर्डरीच गायब, आणि त्या गायब झाल्याची कुठलीही सूचना नाही! बैठकीतील माझ्या तक्त्यात ही चूकही होती. ती कोणाच्याच लक्षात आली नाही, कारण नसलेल्या ओळीवर बोट ठेवता येत नाही. जोडरेषेवर उजवे बटण दाबून ती लेफ्ट आउटर जॉइन करता येते, म्हणजे जोडी नसली तरी डावीकडील टेबलाची ओळ राहते, मात्र त्यानंतर उजवीकडील टेबलाच्या फील्डवर निवडीची अट घातली की त्याच ओळी पुन्हा गळतात.

जोडरेषांच्या बाबतीत सॅपने सुचवलेले सगळेच स्वीकारू नये. नावाने सारखी दिसणारी फील्ड पाहून ते कधी जादा रेषा सुचवते आणि निकाल रिकामा येतो. कधी आवश्यक रेषा आपल्याच हातून पुसली जाते. लेखा विभागाच्या टेबलांत दस्तऐवजाचा क्रमांक हा कंपनी कोड आणि आर्थिक वर्ष यांच्या जोडीनेच एकमेव ठरतो, कारण क्रमांकांची मालिका सहसा दर वर्षी पहिल्यापासून सुरू होते. वर्षाची रेषा राहून गेली, तर या वर्षीच्या बिलाला मागील वर्षीच्या त्याच क्रमांकाच्या बिलाची तारीख चिकटते. आपल्याकडील एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाला सॅपमध्ये सुरुवातीच्या सालाचे नाव असते, म्हणजे मार्च २०२४ मधील नोंद २०२३ या वर्षात सापडते, हेही नवीन माणसाला दोनदा तरी फसवते.

ज्या कामात या सगळ्याची एकत्र परीक्षा झाली, ते काम २०२४ च्या सुरुवातीचे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४३बी(एच) हे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लागू झाले. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी, २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्याने ठरवलेल्या मुदतीत दिली नाहीत, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्याच वर्षी वजावटीस पात्र ठरतो. लेखी करार नसेल तर पंधरा दिवस, आणि करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस, अशी ही मुदत आहे. त्यामुळे मार्च महिन्यात लेखा विभागाला एकच यादी हवी होती: ३१ मार्चला कोणत्या सूक्ष्म व लघु पुरवठादारांची कोणती बिले मुदतीपलीकडे थकलेली असतील?

वरकरणी हे अर्ध्या तासाचे काम होते. पुरवठादारांच्या उघड्या बिलांचे टेबल बीएसआयके, पुरवठादाराच्या नावाचे टेबल एलएफए१, आणि कंपनीनिहाय माहितीचे टेबल एलएफबी१, ज्यातील एका फील्डमध्ये आम्ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम असे वर्गाचे संकेत भरून ठेवले होते. मध्यम उद्योग या कलमात येत नाहीत, म्हणून ते वगळले. इन्फोसेटमध्ये एक जादा फील्ड तयार करून त्यात दिवस मोजण्याची ओळ लिहिली. पहिला निकाल आला आणि लेखा विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विचारले, “दिवस कोणत्या तारखेपासून मोजले?” मी बिलाच्या तारखेपासून मोजले होते. कायद्यातील मुदत माल स्वीकारल्याच्या दिवसापासून चालते, आणि ती तारीख बीएसआयके टेबलात नाहीच.

ती तारीख शोधण्यासाठी जी वाट धरावी लागली, ती मी इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण अनेकांची क्वेरी इथेच अडकते. लेखा दस्तऐवजाच्या मथळ्यात, म्हणजे बीकेपीएफ टेबलात, मूळ बिलाचा संदर्भ एका लांब फील्डमध्ये असतो. खरेदीच्या बिलासाठी त्यातील पहिली दहा अक्षरे बिल-दस्तऐवजाचा क्रमांक आणि पुढील चार अक्षरे वर्ष. क्वेरीमध्ये हे फील्ड बिलाच्या टेबलाशी थेट जोडता येत नाही, कारण एका बाजूला चिकटलेली चौदा अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला दोन वेगळी फील्ड. त्यामुळे इन्फोसेटमध्ये एबॅपच्या काही ओळी लिहून ती अक्षरे तोडावी लागतात, त्यांवरून बिलाच्या बाबींच्या आरएसईजी टेबलात जावे लागते, आणि बिलांची पडताळणी जीआरएनच्या आधारे होत असेल तर तिथे जीआरएनचा क्रमांक मिळून त्याची तारीख हाती लागते. इन्फोसेटमधील या कोडच्या सोयीमुळेच सॅप क्वेरी हे साधन क्विकव्ह्यूअरच्या पुष्कळ पुढचे ठरते. मात्र एका बिलावर तीन जीआरएन असतील तर तारीख कोणती धरायची, हा प्रश्न एबॅप सोडवत नाही. तो लेखापरीक्षकांना विचारला, त्यांनी दिलेले उत्तर कोडच्या वरच्या बाजूला टिपणीत लिहिले, आणि मग पुढे गेलो.

दुसरा घोटाळा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाला. बीएसआयकेमध्ये आज उघडी असलेली बिले असतात. ३१ मार्चला उघडी असलेली नव्हेत. आम्ही ५ एप्रिलला क्वेरी चालवली तेव्हा १ ते ४ एप्रिलदरम्यान चुकती झालेली बिले त्या टेबलातून निघून बीएसएके या मिटलेल्या बिलांच्या टेबलात गेली होती, आणि आमची यादी वास्तवापेक्षा चांगली दिसत होती. कोणत्याही मागील तारखेची स्थिती हवी असेल, तर त्या तारखेनंतर मिटलेली बिले बीएसएकेमधून परत मिळवावी लागतात. सॅपचा तयार असलेला एफबीएल१एन हा अहवाल हे काम मुकाट्याने करतो, आणि आम्ही शेवटी त्याच्या बेरजेशी ताळा घेऊनच यादी पुढे पाठवली.

तयार अहवालांचा विषय निघालाच आहे तर कबूल करते: ज्या प्रलंबित ऑर्डरींसाठी मी बैठकीत फजिती ओढवून घेतली, त्यांची यादी एमई२एन या टीकोडवर ‘डब्ल्यूई१०१’ (माल येणे बाकी) हा निवड-निकष टाकला की कोणत्याही क्वेरीशिवाय मिळते. क्वेरी शिकलेल्या माणसाला प्रत्येक प्रश्न क्वेरीने सोडवावासा वाटतो. आता मी आधी तयार अहवाल शोधते. त्यात एखादा रकाना कमी पडत असेल तर लेआउट बदलून पाहते. आणि तरीही भागत नसेल तेव्हाच एसक्यू०२ उघडते.

अधिकारांच्या बाबतीत मात्र मी थोडी कठोर आहे. एखादा खरेदीदार ऑर्डर उघडतो तेव्हा सॅप त्याचा प्लांट, खरेदी-गट वगैरे अधिकार तपासते. टेबले जोडून केलेल्या इन्फोसेटमध्ये ही तपासणी आपोआप होत नाही. ती कोड लिहून घालावी लागते. लॉजिकल डेटाबेसवर, म्हणजे सॅपच्या टेबले वाचणाऱ्या तयार प्रोग्रॅमवर, आधारलेला इन्फोसेट स्वतःची तपासणी बरोबर आणतो, टेबलांचा जॉइन आणत नाही. एका ठिकाणी एका प्लांटच्या माणसाला दुसऱ्या प्लांटचे सगळे दर क्वेरीतून दिसत होते आणि ते कित्येक महिने कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. दर कोणाला दिसावेत हा धंद्याचा नाजूक प्रश्न आहे. तो ‘रिपोर्टच तर आहे’ म्हणून सोडून देता येत नाही.

क्वेरी कुठे ठेवायची यालाही परिणाम आहेत. स्टँडर्ड एरियातील क्वेरी त्या क्लायंटपुरती, म्हणजे सॅपमधील त्या स्वतंत्र कप्प्यापुरती, असते आणि बहुतेक जण ती थेट प्रॉडक्शनमध्येच, म्हणजे रोजच्या कामाच्या प्रणालीतच, बनवतात. ग्लोबल एरियातील क्वेरी सर्व क्लायंटना समान असते आणि रीतसर ट्रान्सपोर्टने, म्हणजे एका प्रणालीतून दुसरीत बदल नेण्याच्या सोयीने, पुढे जाते. पहिली पद्धत चपळ आहे, पण मी पाहिलेल्या एका यंत्रणेत त्यामुळे ‘टेस्ट’, ‘टेस्ट२’ आणि ‘फायनल_नवीन’ अशा नावांच्या क्वेरींचे रान माजले होते, आणि त्यांतील एकीवर दर महिन्याचा व्यवस्थापन अहवाल उभा होता. ती बनवणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले होते. ती कोणती, हे शोधायला आम्हाला दोन दिवस लागले.

एस/४हाना ही सॅपची नवी प्रणाली आल्यावर हे सगळे कालबाह्य होईल का, असे मला विचारले जाते. ईसीसी या जुन्या प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्त्यांची मुख्य देखभाल सॅपने २०२७ अखेरपर्यंत जाहीर केलेली आहे, त्यामुळे स्थलांतराची घाई सगळीकडे आहे. नव्या प्रणालीत बीएसआयके हे साठवणुकीचे टेबल राहिलेले नाही, त्या नावाचा व्ह्यू, म्हणजे दुसऱ्या टेबलांतून वाचणारी खिडकी, मागच्या बाजूने माहिती पुरवतो. मालाच्या हालचाली एका मॅटडॉक टेबलात आणि लेखा नोंदी अ‍ॅकडोका टेबलात एकत्र आल्या आहेत. एसक्यू०१ तिथेही चालते आणि वाचणाऱ्या जुन्या क्वेरी बहुधा तशाच निकाल देतात. नवी माणसे सीडीएस व्ह्यू आणि फिओरीच्या पडद्यांवर, म्हणजे सॅपच्या नव्या साधनांवर, काम करतील, आणि ते योग्यच आहे. तिथेही एका बाबीला चार खेपा असतीलच.

नवीन क्वेरी झाली की मी आजही एक जुनाट वाटणारे काम करते. चार ऑर्डरी निवडते: एक जिच्यावर काहीच आलेले नाही, एक जी अनेक खेपांत आली आहे, एक जिच्यातील माल परत गेला आहे आणि एक जिच्यात दर हजार नगांना आहे. त्या चारही एमई२३एनमध्ये, म्हणजे ऑर्डर पाहण्याच्या पडद्यावर, उघडून, आकडे वहीत लिहून, क्वेरीच्या ओळींशी पेन्सिलीने टिक करत ताळा घेते. त्या वहीचे पहिले पान अजून तसेच आहे. त्यावर ब्रॅकेटचा तो ऑर्डर क्रमांक, त्यापुढे १,०००, आणि कंसात स्टोअर प्रमुखांच्या अक्षरातील ‘जागा नाही’ असा शेरा आहे.